पॉज कर ना, मग बघ

आमच्या घरी रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. जोडणी करायला आलेल्या मुलाने सगळ्यात आधी चालू मॅच थांबवून दाखवली. बॉलरचा हात वर गेलेला, आणि तो तसाच हवेत राहिला. बाबा नुसतेच “अरे!” म्हणाले. आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, “म्हणजे आता मॅच थांबली?” आम्ही सगळे हसलो.

आज वाटतं, त्या दुपारी त्या खोलीत विचारला गेलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता. मॅच अर्थातच थांबली नव्हती. तिकडे मैदानावर बॉल पडून गेला होता, आणि त्याचं काय झालं ते शेजारच्या घरात कळलंही होतं. थांबलं होतं ते फक्त आमच्या घरातलं चित्र. इतके दिवस जी एकच गोष्ट होती तिच्या आता दोन झाल्या होत्या: बाहेर घडणारी मॅच आणि आमच्या डब्यातली मॅच. आईला त्या दोहोंमधली फट दिसली होती. आम्हाला फक्त रिमोट दिसत होता.

या लेखात मला त्या डब्याची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची, सिनेमाची करतात तशीच. यंत्राची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. पण घरात वर्षानुवर्षं रोज तीन-चार तास चालणाऱ्या वस्तूलाही काही म्हणायचं असतं. माणसं कशी राहतात, कुणाचा वेळ कुणाच्या मालकीचा, याबद्दल तिची काही गृहीतकं असतात. डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरचं म्हणणं होतं की, ‘लाइव्ह टीव्ही’ ही माणसाची अडचण आहे आणि आम्ही ती सोडवली. घराचं म्हणणं मात्र वेगळं होतं. ते कुणी फारसं विचारलं नाही.

*

जानेवारी १९९९. लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात दोन यंत्रं लोकांपुढे आली, टिवो आणि रिप्लेटीव्ही. टिवो बनवणारे जिम बार्टन आणि माइक रॅमसे हे दोघेही सिलिकॉन ग्राफिक्स या संगणक कंपनीतून बाहेर पडलेले. संगणकवाल्यांच्या डोक्यातून निघालेला टीव्ही कसा असेल, तसाच तो होता. आत हार्ड डिस्क, सुरुवातीच्या मॉडेलात साध्या दर्जाचं १४ किंवा ३० तासांचं रेकॉर्डिंग मावेल एवढी.

रेकॉर्डिंग ही कल्पना नवी नव्हती. व्हीसीआर होताच. त्यावरून अमेरिकेत मोठा खटलाही झाला होता. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करणं ही चोरी आहे, असं स्टुडिओवाल्यांचं म्हणणं. जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. नंतर बघण्यासाठी टेप करणं म्हणजे फक्त वेळ सरकवणं, त्यात गैर काही नाही, असा त्याचा मथितार्थ. त्या निकालात फ्रेड रॉजर्स या लहान मुलांच्या कार्यक्रमाच्या लाडक्या सूत्रधाराची साक्षही उद्धृत केलेली आहे. मुलांचे कार्यक्रम भलत्या वेळी लागतात, तेव्हा ते टेप करून योग्य वेळी दाखवता येणं ही कुटुंबांची खरी सोय आहे, अशा अर्थाची.

म्हणजे वेळ सरकवण्याचा हक्क आधीच मिळालेला होता. टिवोने आणलेली नवी गोष्ट त्याहून खोल होती. व्हीसीआरमध्ये टीव्ही एका बाजूला आणि टेप दुसऱ्या बाजूला असायची. टिवोमध्ये तुम्ही जे चॅनल लावाल ते आधी डिस्कवर लिहिलं जायचं आणि तिथून वाचून पडद्यावर यायचं. तुम्ही काही रेकॉर्ड करायला सांगितलेलं नसलं तरीही. चालू चॅनलचा शेवटचा अर्धा तास त्याच्याकडे कायम साठलेला असायचा. म्हणून तर चालू कार्यक्रम थांबवता यायचा, मागे नेता यायचा. थोडक्यात, त्या यंत्रात ‘लाइव्ह’ असं काही उरलंच नव्हतं. होतं ते नुकतंच झालेलं रेकॉर्डिंग.

गंमत म्हणजे टिवोच्या रिमोटवर ‘लाइव्ह टीव्ही’ असं एक वेगळं बटण होतं. ज्या घरात आयुष्यभर टीव्ही लावणं म्हणजेच लाइव्ह टीव्ही लावणं होतं, त्या घराला आता तिथे परत जायला बटण लागत होतं.

*

डबा लावल्यावर घरातली माणसं काय धरून चालतात? आमच्याच घरातलं सांगतो.

बाबांची समजूत अशी होती की डब्यात ‘सगळं’ असतं. जाहिरात लागली की ते मॅचवरून बातम्यांवर जायचे, परत यायचे आणि हुकलेली विकेट बघायला मागे न्यायला लागायचे. मागे काहीच नसायचं. कारण डबा एका वेळी फक्त समोर असलेल्या चॅनलचा मागचा भाग जपतो. चॅनल बदललं की ती पाटी पुसून कोरी होते. यंत्राच्या बाजूने हे अगदी रास्त आहे. पण बाबांच्या मनात ते मॅच ‘सोडून’ गेलेलेच नव्हते, नुसतं डोकावून येत होते. जाहिरातीत दुसरीकडे डोकावणं हा टीव्ही बघण्याचाच भाग आहे, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. डब्याला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा रात्री कुणीतरी बातम्या थांबवून जेवायला बसलं. जेवण लांबलं, आणि मध्येच टीव्ही आपोआप बोलायला लागला. आजी दचकली. साठवायची जागा भरली की थांबवलेलं चित्र पुढे सरकणारच, त्याला इलाज नाही. पण पुढचा तासभर आजोबा शिळ्या बातम्या ताज्या समजून बघत होते. घड्याळ आणि टीव्ही जुळेना म्हणून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून पाहिलं, सेल गेलाय का म्हणून. टीव्ही चुकेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर बातम्यांवर घड्याळ लावलं, त्याच्यासाठी टीव्ही हीच वेळ होती.

आणि तिसरा प्रसंग, जो रेकॉर्डर असलेल्या कुठल्याही घराला ओळखीचा वाटेल. कुणीतरी आधीच दोन रेकॉर्डिंग लावून ठेवलेली आहेत. नेमकी त्याच वेळी आजीला तिसरं काहीतरी बघायचं आहे. डब्यात सिग्नल घेणारे ट्यूनर दोनच. मग पडद्यावर पाटी येते: एक रेकॉर्डिंग रद्द करायचं का? आजीपुढे हा प्रश्न का यावा? तिने फक्त टीव्ही लावला होता. घरात नसलेल्या नातवाच्या इच्छेशी तिचं भांडण आहे, हे तिला एका पाटीवरून कळत होतं.

या तिन्ही प्रसंगांत डबा बिघडलेला नव्हता. त्याने ठरल्याप्रमाणे काम केलं. म्हणूनच हे समीक्षेचे मुद्दे आहेत, तक्रारीचे नाहीत. टीव्ही बघणारं माणूस एक, त्याची आवड एक आणि रिमोटवरचा हातही एकच, असं डब्याने धरलं होतं. घरात तसं नसतं. घरात रिमोट हातोहात फिरतो. मागच्याने काय करून ठेवलंय हे पुढच्याला माहीत नसतं, आणि असायची गरजही नसते. साध्या टीव्हीचं हेच मोठेपण होतं. कुणीही, केव्हाही, काहीही दाबलं तरी पुढच्या माणसाला चालू टीव्हीच मिळायचा. तो मागचं काही लक्षात ठेवायचा नाही, म्हणून तो सगळ्यांचा होता.

टिवोवाल्यांना माणूस कळत नव्हता असं नाही. त्यांच्या यंत्रात एक सुरेख गोष्ट होती. पळवलेलं चित्र थांबवायला तुम्ही ‘प्ले’ दाबलंत की ते जरासं मागे येऊन सुरू व्हायचं. का, तर डोळ्याला दिसल्यावर बोट दाबेपर्यंत माणसाला थोडा उशीर होतोच, हे त्यांनी हिशोबात धरलं होतं. इतक्या बारकाईने बोटाचा विचार झाला होता. एकाच सोफ्यावर बसलेल्या चौघांचा झाला नव्हता.

*

समीक्षक रेमंड विल्यम्स यांचं टेलिव्हिजनवरचं पुस्तक १९७४ साली आलं. त्यात त्यांनी ‘फ्लो’ची, म्हणजे प्रवाहाची, कल्पना मांडली. आठवडाभर बोटीने अटलांटिक ओलांडून आल्यावर मायामीमध्ये त्यांनी एका रात्री टीव्हीवर सिनेमा पाहिला. मध्ये जाहिराती, मध्ये दुसऱ्याच सिनेमांच्या झलका. कुठली घटना कशातली हेच त्यांना धड कळेना. त्यावरून त्यांच्या लक्षात आलं की टीव्ही म्हणजे सुट्या कार्यक्रमांची यादी नाही. एकातून दुसऱ्यात वाहत जाणारा तो सलग प्रवाह आहे, आणि माणसं ‘अमुक कार्यक्रम बघतोय’ असं कमी आणि ‘टीव्ही बघतोय’ असं जास्त म्हणतात ते म्हणूनच.

रेकॉर्डरने हा प्रवाह तोडून बाटल्यांत भरला. त्यात फायदा होता, नाही कशाला म्हणा. पण बाटलीतलं पाणी प्यायला आधी ‘कुठली बाटली?’ हे ठरवावं लागतं. प्रवाहाला ते विचारायची गरज नसते. दिवसभर कामाहून दमून आलेल्या माणसाला टीव्हीकडून हवं असतं ते हेच, की कुणीतरी आधीच काहीतरी सुरू करून ठेवलेलं असावं आणि आपण नुसतं येऊन बसावं. आज तुम्ही फोनवर अर्धा तास ‘काय बघू’ करत स्क्रोल करता आणि शेवटी न बघताच झोपता, तेव्हा हीच हरवलेली सोय शोधत असता.

स्वतः घरी संगणक जोडून रेकॉर्डर बनवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये हा मतभेद अगदी उघडपणे दिसायचा. २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रामरने सुरू केलेला मिथटीव्ही हा त्यातला गाजलेला मुक्त प्रकल्प. या जगातल्या जुन्या जाणत्यांचा नवख्यांना ठरलेला सल्ला असे: लाइव्ह टीव्ही बघूच नका, सगळं रेकॉर्ड करा. चॅनल बदलायला वेळ लागतो? मग बदलता कशाला? तांत्रिकदृष्ट्या त्यांचं खरंच होतं. डिजिटल प्रक्षेपणात पूर्ण चित्र काही अंतराने एकदा येतं आणि मध्ये फक्त बदल पाठवले जातात. त्यामुळे चॅनल बदललं की पुढच्या पूर्ण चित्राची वाट बघावी लागते. मध्ये रेकॉर्डर असला की आणखी थोडी. जुन्या टीव्हीवर खटका फिरवला की चित्र, हे सुख डिजिटलमध्ये गेलंच.

पण या सल्ल्याच्या मागे एक शब्दप्रयोग दडलेला असायचा, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. ‘वाइफ ॲक्सेप्टन्स फॅक्टर’. बायकोला हे यंत्र कितपत चालेल, याचं माप. महागड्या स्पीकरांच्या शौकिनांत ऐंशीच्या दशकापासून चालत आलेला हा विनोद. चॅनल पटकन बदलावं, टीव्ही लावल्यावर टीव्ही दिसावा, रिमोट एकच असावा, या घरच्या अपेक्षा. यातली एकही अवास्तव नाही. पण त्या बायकोच्या तोंडी घातल्या की त्यांचं रूप बदलतं. यंत्रातली उणीव ही बाईची कुरकुर होऊन जाते. ज्याने यंत्र जोडलं त्याची सवय म्हणजे तंत्रज्ञान, आणि जिला ते वापरावं लागतं तिची सवय म्हणजे अडाणीपणा. आम्ही आईच्या प्रश्नावर हसलो होतो, ते हेच हसणं होतं. आम्हाला तो इंग्रजी शब्द माहीत नव्हता, इतकंच.

*

आपल्याकडे डीटीएच कंपन्यांनी रेकॉर्डिंगवाले डबे आणायला सुरुवात केली ती २००८ च्या सुमारास. पण अमेरिकेत तो जसा घराघरांत रुजला तसा आपल्याकडे रुजला नाही. किंमत हे एक कारण. पण मला वाटतं, आपल्या घरांनी वेळ सरकवण्याची व्यवस्था आधीच करून ठेवली होती, हेही कारण होतंच.

संध्याकाळची मालिका हुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी तिचं पुनःप्रक्षेपण असतं. बाहेर काम करणाऱ्या बाईसाठी रात्रीचा भाग, घर सांभाळणाऱ्या बाईसाठी दुपारचा. शिवाय मालिका स्वतःच इतकी सावकाश चालते की एक भाग हुकला तरी फारसं बिघडत नाही. आणि बिघडलंच, तर जिन्यात भेटलेली शेजारीण आहे. “काल काय झालं गं?” या एका प्रश्नावर अर्ध्या तासाचा भाग दोन मिनिटांत, जाहिराती वगळून, वर तिच्या शेऱ्यांसकट मिळायचा. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं त्या १९८७-८८ च्या काळातल्या ओस रस्त्यांच्या आठवणी तुम्ही आईवडिलांकडून ऐकल्या असतील. एकाच वेळी सगळे तेच बघतायत, हा त्या बघण्याचा अर्धा अर्थ होता. रेकॉर्डर दोन माणसांना एकच गोष्ट दोन वेगळ्या वेळी दाखवू शकतो. पण मग दुसऱ्या दिवशी जिन्यात “थांब, सांगू नको, मी अजून बघितलं नाही” एवढंच बोलणं उरतं.

*

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो आमच्या घरातल्या रात्री आठ ते साडेआठचा आहे.

डबा येण्याआधी हा अर्धा तास आईचा होता. घरात ती एकटीच अशी होती जिच्या कामाला सुटी नव्हती, आणि तिच्या दिवसात हा एकच तुकडा असा होता जो कुणी मागू शकत नव्हतं. कुणी पाणी मागितलं, शर्टाचं बटण लावून मागितलं, तर तिचं उत्तर ठरलेलं: “जाहिरात लागली की उठते.” आम्ही थांबायचो. थांबावंच लागायचं, कारण मालिका तिच्यासाठी थांबणार नव्हती. तिचा तो वेळ तिच्या शब्दाने जपला जात नव्हता, आमच्या समंजसपणाने तर नाहीच. तो जपत होतं प्रक्षेपण. चॅनलवाल्यांनी ठरवलेल्या वेळेपुढे आमचं काही चालत नव्हतं, म्हणून आईचं चालत होतं.

डबा आल्यावर पॉजचं बटण सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगी पडेल, असं तुम्हाला वाटतं? मलाही वाटलं होतं, आईच्या. सतत उठावं लागतं तिलाच. जाहिरातीही अशाच दाखवायच्या: बाई उठते, काम करून येते, काहीच हुकत नाही. प्रत्यक्षात ते बटण आमच्या उपयोगी पडलं. पहिल्याच आठवड्यात मी हाक मारून म्हणालो, “आई, पॉज कर ना, मग बघ.” मी वाईट बोललो नव्हतो. सोय होती, ती सुचवली. बाबाही तेच म्हणायला लागले. महिन्याभरात घरात आईचं ‘जाहिरात लागली की उठते’ हे वाक्य बंद झालं. आता तिच्याकडे न उठण्याचं कारणच नव्हतं.

आठची मालिका सव्वानऊला संपू लागली. मग ओटा आवरायचा राहिला म्हणून उरलेलं ‘उद्या’. रेकॉर्डिंगच्या यादीत तिचे भाग साठत गेले. डिस्क भरली की जुने पुसले जायचे. एकदा मीच माझ्या मॅचसाठी जागा करताना सहा-सात भाग उडवले. ती म्हणाली, “असू दे, मी कुठे बघणार होते.” हळूहळू तिने रेकॉर्ड करणं सोडलं, आणि मग ती मालिकाही.

डिजिटल रेकॉर्डरवरचा माझा खरा आक्षेप हाच आहे. त्याने लाइव्ह टीव्हीला बंधन समजलं. ज्याच्याकडे वेळाची मालकी आधीच होती त्याच्यासाठी ते बंधन होतंही. त्याला डब्याने मोकळं केलं. पण ज्या माणसाचा वेळ कुणीही मागून नेऊ शकतं, त्याच्यासाठी तेच बंधन कुंपण होतं. ते कुंपण काढलं, तेव्हा जागा मोकळी झाली खरी. तिच्यात शिरलो आम्ही.

याला यंत्र जबाबदार की आम्ही, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सोपं आहे: आम्ही. डब्याने कुणाला हाक मारली नव्हती. पण चांगलं यंत्र घरातल्या दुबळ्या माणसाची बाजू निदान बिघडवत नाही. टीव्ही नावाच्या जुन्या, मठ्ठ यंत्राने ती कळत-नकळत सांभाळली होती. हुशार डब्याने ती सांभाळली नाही, कारण तिथे काही सांभाळण्यासारखं आहे हेच त्याला दिसलं नव्हतं.

*

तो डबा आता अडगळीत आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तसला डबा पाहिलाही नसेल. पण त्याचं म्हणणं जिंकलं. फोनवर सगळंच थांबवता येतं, पुढेमागे नेता येतं. लाइव्ह मॅचच्या कोपऱ्यात ‘लाइव्ह’ असं लिहिलेलं असतं, आणि तरी ती अनेकदा टीव्हीपेक्षा वीस-तीस सेकंद मागे असते. ओव्हरचा शेवटचा बॉल टाकायला बॉलर धावत असतो आणि समोरच्या इमारतीतून आरडाओरडा ऐकू येतो. मग तुम्हाला कळतं, सिक्स आहे. म्हणून लोक अजूनही मॅचला एका खोलीत, एका पडद्यासमोर जमतात. चित्र फोनवरही स्पष्टच दिसतं. पण ओरडायचं तर सगळ्यांबरोबर, एका क्षणी. घराची ‘लाइव्ह’ची व्याख्या घड्याळाची कधीच नव्हती.

गेल्या दिवाळीत घरी होतो. आई फोनवर काहीतरी बघत होती, कानात इअरफोन. मी काहीतरी विचारलं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा तिने पडद्यावरून नजर न काढता एक हात वर केला, थांब अशा अर्थाने. मी पाहिलं, ती कुठलाशा देवळातली आरती बघत होती. कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘लाइव्ह’ लिहिलेलं होतं.

“चालू आहे,” ती म्हणाली. “झालं की उठते.”

ती आरती थांबवता आली असती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी काही बोललो नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.